लाल कागदाखाली

आखाजीच्या आदल्या रात्री लॅबचं शटर ओढताना
ट्यूबलाइटच्या खाली ती भिंतीला अंग घासत होती.
एक पंख गळून पडलेला, दुसरा लोंबत.
स्टेशनाकडून येणारी शेवटची रिक्षा चुकणार होती,
तरी उभी राहिले.
दुसराही तिनं स्वतःच उपसून काढला
आणि त्याच्यावरून चालत पुढे गेली.

नवी कोरी नळी, रक्त न पाहिलेली.
तळाशी तीन बोटं पाणी, मग कापसाचा बोळा,
मग ती, मग आणखी एक बोळा.
वर आकाशकंदिलातून उरलेला लाल कागद.
लाल रंग मुंग्यांना दिसत नाही म्हणतात.
आपल्याला वाटतो पडदा, तिला वाटते रात्र.

पिशवीत काय, आईनं विचारलं. सांगितलं.
ती पुरण वाटत होती, हात थांबला नाही.
"राणी शे ना ती? मंग उपाशी कसाले?"

कसाले!
उडण्याचे स्नायू आता लागत नाहीत,
ते ती छातीतल्या छातीत विरघळवते
आणि त्यावर लेकरं वाढवते.
हे बोलून गेले आणि वाटलं, नको होतं सांगायला.
दुसऱ्या दिवशी अमळनेरभर झोके.
लेकी आलेल्या, शिरपूरहून, सुरतेहून,
एकीचं बाळ सारखं रडत होतं.
मी कुठूनच आले नव्हते.
मी गेलेच नव्हते कुठे.

नळी ठेवली माठाच्या तिवईखाली, ओल्या फडक्याशेजारी.
बाहेर पंचेचाळीस.
कूलर लावला की पाणी थरथरतं,
म्हणून भर दुपारी कूलर बंद,
आणि आई पदरानं वारा घेत:
"तुन्ही राणी, मन्हा घाम."

रोज बघायचं नाही, हा नियम.
रविवारी एकदा, तेही मिनिटभर.
दिवसभर लोकांच्या पेशी मोजणाऱ्या बाईला
हे जड जातं.
वहीत लिहिलं:
अंडी सात, खसखशीएवढी.
अंडी नऊ.
अंडी सहा.
तीन तिनंच खाल्ली होती.
रिपोर्टात आकडा खाली गेला की मारतो तशी
सहाखाली लाल रेघ मारली,
मग ती खोडली.
तिच्या घरचा हिशोब तिला ठाऊक.

याच घरात ओट्याखाली
आई मुंग्यांच्या खडूनं रेघ ओढते,
गुळाच्या डब्याभोवती हळद टाकते,
आणि सकाळी अंगणातल्या बिळापाशी
चिमूटभर साखर ठेवून हात जोडते.
मी काही विचारत नाही.
तीही नळीबद्दल फार विचारत नाही.

सदतिसाव्या दिवशी
(रविवार नव्हता, मी नियम मोडला)
एका कोषाला चीर पडलेली,
राणी ती तोंडानं रुंद करत होती,
आणि आतून निघाली एक,
पाणीदार चहाच्या रंगाची,
इतकी लहान
की मी श्वास धरला, काचेवर वाफ बसेल म्हणून.
तिला धड चालता येईना.
तिसऱ्या दिवशी ती अंडी उचलून
ओल्या बाजूला नेत होती.

मग बोळा काढून पहिला घास:
सुईच्या टोकावर साखरेचं पाणी.
आणि एक डास,
आईनं टाळीत मारून
आईनंच चिमटीत आणून दिलेला.
ती प्याली, पोट टच्च झालं, मागे वळली
आणि राणीच्या तोंडाला तोंड लावलं.
चाळीस दिवसांचा उपास.
आई चष्मा लावून वाकली होती.
"जेवनी," म्हणाली,
आणि कूलर लावायला उठली,
आणि लावला नाही.

परवा नगरपालिकेची बाई आली, कसलीशी यादी करत.
घरात माणसं किती?
दोन, मी म्हटलं.
आतून आवाज:
"आनि त्या कोन मोजी?"

तेव्हा त्या अकरा होत्या.
काल एक मेली, बहुतेक ती पहिलीच.
दोघींनी तिला ओढत नेलं
कोरड्या कापसाच्या कोपऱ्यात
आणि परत कामाला लागल्या.
वहीत लिहिलं: दहा.
शाई काळीच ठेवली.